बारा छड्या, अकरा चुंबकं

भांडण सुरू झालं ते टॉर्चवरून.

जुलै २०२२. बाहेर पावसाने झोडपलेलं कोथरूड, आत दिवाणावर माझी लेक आणि तिसऱ्या मजल्यावरचा चष्मेवाला. ती हॅरी पॉटर मराठीतून वाचते. तो इंग्रजीतून वाचतो, शिवाय सिनेमे त्याला तोंडपाठ. वाद असा होता की तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला हॅरी सुट्टीत मावशीच्या घरी रात्री पांघरुणात शिरून इतिहासाचा निबंध लिहितो, तेव्हा उजेड कशाचा असतो? लेक म्हणे टॉर्चचा. चष्मेवाला म्हणे छडीचा. सिनेमात तो चक्क 'ल्युमॉस मॅक्झिमा' म्हणतो आणि पांघरूण आतून उजळतं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

निवाडा माझ्याकडे आला. मी पुस्तक उघडलं. टॉर्चच होता. आणि तेच बरोबर, कारण अल्पवयीन मुलांनी शाळेबाहेर जादू करायची नाही असा त्यांचा कायदा. त्याच्या आदल्या सुट्टीत घरात पुडिंग हवेत तरंगून फुटलं, तर यानं केलेलं नसतानाही ताकीद याच्या नावाने आली होती. हा मुलगा मावशीच्या घरात बसून मंत्र कसा म्हणेल?

चष्मेवाला हरला, पण कोथरूडचाच तो. म्हणाला, "ठीक आहे काकू. पण टॉर्च काय कुणीही लावेल. तुम्ही ल्युमॉसवाली छडी करून दाखवा."

मी हो का म्हटलं, ते आजही सांगता येणार नाही.

आधी यादी करू असं ठरलं. कॅलेंडरचं जूनचं पान फाडून त्याच्या पाठीवर लेकीने लिहायला घेतलं. पान फाडल्यावर खालचा जुलै दिसला आणि त्यात दोन गोष्टी. ३१ तारखेला हॅरीचा वाढदिवस, तो रविवारी. आणि २८ ला दीप अमावस्या, गुरुवारी. "अमावस्येला अंधार असतो ना?" लेकीने विचारलं. म्हणजे तारीखसुद्धा मी ठरवली नाही.

यादीत पहिला अर्थातच ल्युमॉस. छडीच्या टोकाशी उजेड. आम्हाला तो प्रथम दुसऱ्या भागात सापडला, हॅरी आणि रॉन कोळ्यांच्या रांगेमागून जंगलात जातात तिथे. आणि तोही कसा, तर इवलासा. पायाखालची वाट दिसण्यापुरता. मग तो घालवायचा मंत्र नॉक्स. लाल झोत एक्सपेलिआर्मसचा, म्हणजे समोरच्याची छडी उडवायच्या मंत्राचा, आणि स्टुपिफायचा, म्हणजे त्याला बेशुद्ध पाडायच्या. हिरवा म्हणजे मरण, तोच हॅरीच्या सगळ्यात जुन्या आठवणीतला. चंदेरी पॅट्रोनस, म्हणजे छडीतून निघणारा उजेडाचा रक्षक. पहिल्या भागातली ती उजेडाला आणि उबेला घाबरणारी वेल, जिच्या विळख्यात मुलं अडकतात आणि वर्गात पहिली येणारी हर्मायनी "पण लाकडं कुठायत!" म्हणून ओरडत राहते. रॉन तिला खडसावतो, तू जादूगारीण आहेस की नाही? मला तो प्रसंग फार आवडतो. आमच्या घरीही लाइट गेली की मेणबत्ती कुठाय म्हणून जो माणूस सगळ्यात मोठ्याने ओरडतो, त्याच्या हातात मोबाइल असतो.

यादीच्या शेवटी लेकीने लिहिलं, 'सहाव्या वर्षी मंत्र न बोलता करायला शिकवतात. आपल्याला नको.' न बोलता केला तर तो मंत्र झालाय हे बघणाऱ्याला कळणार कसं, असं तिचं म्हणणं.

बारा छड्या करायच्या ठरल्या. इमारतीतली आणि शेजारच्या इमारतीतली मिळून आठ वर्षांच्या वरची मुलं बाराच होत होती. पण लेकीचं कारण वेगळं. पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात डम्बलडोर खिशातून एक लायटरसारखी वस्तू काढतो आणि क्लिक क्लिक करत रस्त्यावरचे दिवे घालवतो. बारा वेळा. मग उरतात फक्त दोन ठिपके, भिंतीवर बसलेल्या मांजरीचे डोळे. "म्हणून बारा."

आता करायच्या कशा? इथे आबा आले. आबा म्हणजे माझे वडील. आई-आबा आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. आबांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. त्यांच्या कपाटात वरच्या कप्प्यात गरम कपडे, खालच्या कप्प्यात जुन्या टेलिफोन केबलचं भेंडोळं. त्यातल्या बारीक तारांच्या जोड्या पांढरी-निळी, पांढरी-नारिंगी, पांढरी-हिरवी, पांढरी-तपकिरी, पांढरी-राखाडी, या क्रमाने ते रामरक्षेसारख्या म्हणतात. आई वीस वर्षं ते भेंडोळं टाकून द्या म्हणतेय. त्या दिवशी त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि तिच्याकडे नुसतं पाहिलं.

छडीचं अंग कागदाचं. ए-फोर कागदाची लांब बाजू २९.७ सेंटिमीटर, म्हणजे पावणेबारा इंचाला थोडी कमी. विणायच्या सुईभोवती घट्ट गुंडाळायचा, कडेला फेविकॉल, वाळला की सुई ओढून काढायची. हॅरीची छडी अकरा इंची आहे, तेव्हा पाऊण इंच कापून टाकायचा. हर्मायनीची पावणेअकरा, तिला आणखी थोडी कात्री. वर ग्लू गनने वेली, गाठी, खवले ओढायचे आणि तपकिरी रंग द्यायचा. गाभ्यात फिनिक्सच्या पिसाऐवजी पांढरी-निळी जोडी. मराठीत तिला छडी म्हणायचं की कांडी, यावर एक संध्याकाळ गेली. कांडी परीची असते, तिच्या टोकाला चांदणी असते, हे शेवटी सगळ्यांना पटलं. छडी मास्तरांची, पण निदान तिचा धाक तरी आहे.

बाकी सामानासाठी तपकीर गल्ली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीपासून चालत जाण्यासारखी ही अरुंद गल्ली म्हणजे पुण्याचं इलेक्ट्रॉनिक्सचं कोठार. इंजिनिअरिंगच्या मुलांचे प्रोजेक्ट इथेच जन्माला येतात आणि बरेचदा आदल्या रात्री इथेच दुरुस्त होतात. मी कॉलेजात असताना एकदा वॉकमनच्या पिनसाठी गेले होते, त्यानंतर थेट आता. आबा पुढे, मी छत्री घेऊन मागे.

"पाच एमएमचे एलईडी, व्हाइट. बारा द्या," आबा म्हणाले.

"शंभराचं पाकीट घ्या."

"मला बाराच हवेत."

"बारा मोजण्यात माझा जेवढा वेळ जाईल तेवढ्यात तुमचं पाकीट घेऊन होईल, काका." त्याने पाकीट ठेवलं, आणि आबांना तो लगेच आवडला. त्यांच्या पिढीला तुसडा दुकानदार प्रामाणिक वाटतो. नाण्यासारखे चपटे सेल घेतले, 'वीस बत्तीस' म्हटलं की देतात. वीस म्हणजे व्यास वीस मिलिमीटर, बत्तीस म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. हे मला त्या दिवशी कळलं, तोवर मी ते मॉडेलचं नाव समजत होते. सेल तीन व्होल्टचा, पांढरा एलईडीही तीनच्या आसपास मागतो. सेलचा स्वतःचा आतला रोध इतका असतो की मध्ये वेगळा रेझिस्टन्स घातला नाही तरी असल्या खेळण्यात चालून जातं. एलईडीचा लांब पाय प्लसला. हे वाक्य मी पुढच्या दहा दिवसांत किती वेळा उच्चारलं असेल! दोन मुलांनी उलटे जोडून 'माझ्यात जादूच नाही' म्हणून रडून घेतलं.

एकाने चलाखी करून एकाच सेलवर पांढरा आणि लाल असे दोन्ही एलईडी जोडले. ल्युमॉस आणि एक्सपेलिआर्मस एकदम. पेटला फक्त लाल. लाल एलईडीला दोन व्होल्टच्या आसपास पुरतात, तो आधी पेटतो, सगळा प्रवाह ओढून घेतो आणि सेलचा दाब पांढऱ्यापर्यंत चढूच देत नाही. आबा हे समजावत होते तर आई चहा ठेवून म्हणाली, "पंगतीत असतो एकेक तसा."

मुख्य अडचण होती ती बटणाची. पहिल्या नमुन्याला आबांनी छान छोटं बटण लावलं. लेकीने छडी हातात घेतली, बटण दाबलं, लावली, घालवली, खाली ठेवली. "आबा, हा टॉर्चच झाला."

बरोबर होतं तिचं. भांडणाचा मुद्दाच तो होता.

तेव्हा आबांनी आवाजावर चालणारं सर्किट बसवलं. कंडेन्सर माइक, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, ५५५ आणि ४०१७ या नंबरांच्या दोन चिप, म्हणजे टाळी वाजवली की लागणारा आणि पुन्हा वाजवली की जाणारा दिवा. प्रत्येक हौशी माणसाने तो आयुष्यात एकदा केलेला असतो. सोल्डर न करता नुसते भाग खोचायच्या पाटीवर, म्हणजे ब्रेडबोर्डवर, मांडून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. लेक समोर उभी राहिली, मनगट झटकून म्हणाली, "ल्युमॉस!" दिवा लागला. आम्ही सगळे गप्प. खरंच अंगावर काटा आला. मग ती म्हणाली, "नॉक्स!" आणि गेला.

पाच मिनिटं घरात आनंदीआनंद. सहाव्या मिनिटाला कुकरची शिट्टी झाली. लागला. दुसरी शिट्टी. गेला. खालून भंगारवाल्याने आरोळी दिली, लागला. आई म्हणाली, "अगं बाई!" गेला. त्याला शब्दाशी काही देणंघेणं नव्हतं. आवाज मोठा आहे एवढंच त्याला कळायचं. चष्मेवाल्याने मुद्दाम "बटाटा!" म्हणून लावून दाखवला आणि लेकीचा चेहरा पडला. पहिल्या भागात पीस उडवण्याच्या तासाला हर्मायनी रॉनला उच्चार सुधारायला लावते, 'गार' लांबव म्हणते, आणि इथे बटाट्याने काम होत होतं.

शब्द ओळखणारं काही बसवायचं तर छोटा संगणकच छडीत घालावा लागेल, असं आबांनी जाहीर केलं आणि दोन दिवस ते बोलले नाहीत. त्याच काळात मी दिवाणखान्यातला बल्ब बदलत होते. खोक्यावर वॅटच्या शेजारी छापलेलं होतं, लुमेन. लेकीने वाचलं आणि खोकं घेऊन धावत सुटली. लॅटिनमध्ये 'लुमेन' म्हणजे उजेड, त्यावरूनच मोजमापाचं नाव आणि त्यावरूनच मंत्र. आमच्या नऊ वॅटच्या बल्बवर आठशेच्या वर लुमेन लिहिलेले. घराघरात छतावर मंत्र छापून आलाय आणि कुणी वाचत नाही, असं ती आल्यागेल्याला सांगत सुटली.

"आणि नॉक्स?" आईने विचारलं.

"नॉक्स म्हणजे रात्र, आजी. लॅटिनमध्ये."

"नक्त," आई भाजी निवडत म्हणाली. "आम्ही श्रावणात सोमवारी नक्त करायचो. दिवसभर उपास आणि जेवायचं ते रात्री. नक्त म्हणजे रात्रच की." मी शब्दकोश काढून बघितलं, तर संस्कृत नक्त आणि लॅटिन नॉक्स खरंच एकाच मुळाचे. आई निवडलेली भाजी घेऊन आत गेली, जणू काही झालंच नाही.

पण तिला नॉक्स हा मंत्र पसंत नव्हता. दिवा विझवायचा नसतो, मालवायचा असतो. शांत करायचा असतो. आपल्याकडे दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढवते. तर भरल्या संध्याकाळी बारा पोरं छतावर उभी राहून 'रात्र! रात्र!' ओरडणार हे तिला काही बरं दिसेना. शेवटी, लॅटिनमध्ये म्हटलं तर चालेल अशी तडजोड झाली.

आबांचं मौन तिसऱ्या दिवशी सुटलं ते रीड स्विचने. काचेची तांदळाहून जरा मोठी नळी, तिच्यात लोखंडी जातीच्या दोन पात्या, एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या पण टेकलेल्या नाहीत. चुंबक जवळ आणलं की चिकटतात, नेलं की सुटतात. दारं-खिडक्यांच्या चोरघंटांत हेच असतं. म्हणजे छडीच्या मुठीत रीड स्विच दडवायचा आणि अंगठ्याच्या आतल्या बाजूला बँडेडच्या पट्टीखाली बारीकसं चुंबक. अंगठा अर्धा इंच सरकला की दिवा. बटण कुठेच दिसत नाही. शिवाय ज्याच्या अंगठ्याला चुंबक त्याच्याच हातात छडी पेटणार, दुसऱ्याच्या हातात मेली. "छडी जादूगार निवडते," लेक हळूच म्हणाली. दुकानातला तो म्हातारा ऑलिव्हँडर पुस्तकात हेच म्हणतो. त्या क्षणापासून आबांना इमारतीत ऑलिव्हँडर आजोबा हे नाव पडलं, आणि त्यांनी ते काहीच न बोलता स्वीकारलं.

रीड स्विच वापरणाऱ्यांना दोन गोष्टी सांगून ठेवते. एक, त्याचे पाय वाकवताना काच फुटते. मी पहिल्या तासात चार फोडले, बारीक 'टिक' असा आवाज येतो आणि पोटात खड्डा पडतो. काचेला लागून पाय पकडीत धरायचा आणि पकडीच्या पलीकडे वाकवायचा, म्हणजे ताण काचेपर्यंत पोचत नाही. दुसरी गोष्ट जास्त छळणारी. चपटं चुंबक नळीच्या बरोबर मधोमध आणलं तर दिवा लागतच नाही! दोन्ही पात्या सारख्याच खेचल्या जातात आणि मध्ये फट तशीच. जरा टोकाकडे सरकवलं की लागतो. आम्ही अर्धा दिवस सोल्डरिंग तपासत बसलो होतो. पण मग तोच दोष कामी आला. अंगठा मध्यावर ठेवायचा, मंत्र म्हणताना पुढे सरकवायचा. मनगटाची ती सुंदर झटक आपोआप येते.

मूठ म्हणून वायरिंगच्या पीव्हीसी पाइपचा चार इंची तुकडा, त्यात सेल उभा सरकवलेला, तारा दोन्ही बाजूंना इन्सुलेशन टेपने आवळलेल्या. सेलला थेट डाग द्यायचा नाही, तापून फुटू शकतो. मागच्या तोंडाला बूच, त्याला आडवा स्क्रू. हा स्क्रू माझा हट्ट. नाण्यासारखा सेल किंवा असली दोन चुंबकं लहान पोराच्या पोटात गेली तर आतडं जाळतात, चिमटतात. म्हणून धाकट्या भावंडांना छडी नाही आणि कार्यक्रमाआधी व नंतर चुंबकं मोजून घ्यायची, असं आयांच्या ग्रुपवर लिहून टाकलं. मला तेव्हा दोघीतिघींनी जरा अतिच करते असं म्हटलं.

गुरुवार उजाडला तेव्हा नऊ छड्या तयार, तीन बाकी. आणि आम्ही इतकी शहाणी माणसं, गुरुवार हा पुण्यात लाइट जायचा वार आहे हे विसरलो. सकाळी दहाला गेली. सोल्डरिंग गन थंड. आबा तिच्याकडे बघत बसले. "लाइट नाही म्हणून लाइट होईना," आई म्हणाली आणि समया घासायला बसली. दीप अमावस्येला घरातले सगळे दिवे काढून चिंचेने लखलखीत करायचे, पाटावर मांडायचे, आघाडा, दूर्वा, फुलं वाहायची. कणकेचे गुळाचे दिवे उकडायचे, त्यात तुपाची वात. आमच्याकडे पाटावर समई, दोन निरांजनं, आजीच्या काळचा कंदील आणि नऊ छड्या मांडल्या. बघायला आलेल्या मुलांना आईने दिव्यांच्या अवसेची कहाणी सांगितली. सून दिवे घासून पुसून ठेवायची, तिच्यावर उंदरांनी आळ आणला, सासरच्यांनी घालवून दिली. पुढच्या अमावस्येला गावातले सगळे दिवे झाडावर जमून एकमेकांना विचारू लागले, तुला काय वाहिलं, तुला काय वाहिलं. तिच्या घरचा दिवा तेवढा केविलवाणा. राजाने ते ऐकलं आणि तिला परत आणलं.

"दिवे बोलतात?" चष्मेवाल्याने विचारलं.

"तुझी छडी ऐकते, तर माझा दिवा बोलेल," आई म्हणाली.

तिला अंधाराचं काही कौतुक नाही. पानशेत फुटलं तेव्हा, १९६१ च्या जुलैत, ती नऊ वर्षांची होती आणि नारायण पेठेत राहायची. पुरानंतरच्या रात्री ती सांगते त्या चिखलाच्या वासाच्या आणि एका कंदिलाभोवती बसलेल्या तीन कुटुंबांच्या. कंदील तोच, पाटावरचा.

दुपारी सव्वातीनला जिन्यातून, गच्चीवरून, शेजारच्या इमारतीतून एकदम आरोळी उठली, "आऽऽली!" पंखे फिरले. लेक डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली. "आई, हाच आपला ल्युमॉस आहे. सगळे मिळून म्हणतात."

"तो आधी लागतो आणि मग म्हणतात," चष्मेवाला म्हणाला. त्याला टॉर्चचं अजून विसरता आलेलं नव्हतं.

तीन छड्या साडेपाचपर्यंत उरकल्या, त्यातल्या एकीची वेल ओलीच राहिली.

संध्याकाळी साडेसातला गच्ची. पाऊस थांबलेला, फरशी ओली. आता अंधार हवा, आणि कोथरूडला तो सहजासहजी मिळत नाही. ढगांवर शहराचा नारिंगी उजेड, समोरच्या होर्डिंगचा झोत, पाण्याच्या टाकीवरचा दिवा, जिन्यातला दिवा, कुणाच्या तरी टीव्हीची निळी लुकलुक. आबा गच्चीच्या स्विचबोर्डापाशी उभे राहिले, खिशात उगाच एक जुना लायटर. ते लायटर वाजवायचे आणि दुसऱ्या हाताने बटण दाबायचे. क्लिक, टाकीचा. क्लिक, जिन्याचा. होर्डिंगचं काही करता येण्यासारखं नव्हतं, तेव्हा आम्ही सगळे टाकीच्या मागे सरकलो.

लेकीने पाचव्या भागातला प्रसंग सांगितला, तो मला स्वतःला पुस्तकातला सगळ्यात चांगला उजेड वाटतो. गल्लीत डिमेंटर, म्हणजे माणसातला आनंद शोषून घेणारे ते जीव, येतात, काळोख होतो, हॅरीच्या हातून छडी पडते. तो जमिनीवर चाचपडत नुसतं ल्युमॉस म्हणतो आणि हातात नसलेली छडी त्याच्या बोटांपासून काही इंचांवर पेटते. मग तिने हात वर केला, आणि बारा जणांनी एकदम म्हटलं.

अकरा पेटल्या. बारावी, ओल्या वेलीवाली, दोन सेकंद उशिरा. पाच मिलिमीटरचे दिवे ते, त्यांनी उजळणार काय? हनुवट्या, बोटं, ओल्या फरशीवरचे ठिपके. बारा हनुवट्या. आया मोबाइल काढायला विसरल्या, यावरून काय ते समजा.

नॉक्सही छान झालं. एकेकाने, वयाने लहान आधी. मग मी दिवे लावले, कणकेचे दिवे वाटले आणि चुंबकं मोजायला घेतली.

अकरा.

पुन्हा मोजली. अकरा. चष्मेवाल्याच्या अंगठ्याची पट्टी पाण्याने सुटून लोंबत होती आणि तिच्याखाली काही नव्हतं. "पडलं असेल," तो म्हणाला. गच्चीवर तीन धाकटी भावंडं रांगत-धावत होती, तोंडात कणकेचे दिवे. माझ्या घशाला कोरड पडली. ज्या आयांना मी अतिच वाटले होते त्याही गुडघ्यांवर आल्या. आणि तेव्हा बाकीच्या अकरा मुलांनी, कुणी न सांगता, आपापली पट्टी पुन्हा लावली आणि छड्या पेटवून फरशी शोधायला लागली. दिवे असूनही. टाकीखाली, कुंड्यांमागे, पागोळीच्या नाल्यात, जिथे दिव्याचा उजेड पोचत नाही तिथे. कुणी विनोदही केला नाही. वीस मिनिटं.

आबा मात्र शोधत नव्हते. ते चष्मेवाल्याच्या बगलेत खुपसलेल्या छडीकडे बघत होते. "तुझी छडी का चालू आहे रे?"

खरंच चालू होती. चुंबक नाही, अंगठा नाही, तरी टोक पांढरं. त्याने मान खाली घातली. वेळ जात नव्हता म्हणून त्याने घरच्या चावीने बुचाचा स्क्रू काढून आत काय आहे ते पाहिलं होतं. अंगठा भोकाशी गेला तेव्हा चुंबक सटकून आत गेलं आणि सेलच्या पोलादी पाठीला जाऊन चिकटलं, रीड स्विचच्या अगदी शेजारी. ते त्याच्या लक्षात आलंच नव्हतं. छडी मालवत नाही एवढं कळलं होतं, आणि ते कुणाला सांगायचं त्याला धाडस होईना.

त्याची आई काय बोलली ते लिहीत नाही. मी फरशीवरच बसून राहिले, माझे पाय थरथरत होते.

आबा तिथल्या तिथे चुंबक काढणार होते, पण आई आडवी आली. दीप अमावस्येला, पाटावर पूजा झालेला दिवा, आणि मूल रडतंय, अशा वेळी मालवायचा नाही. स्क्रू परत आवळून तिने ती छडी खाली नेली आणि देवघरात समईशेजारी उभी केली.

शुक्रवारी ती पेटलेली होती. शनिवारी दिवसा काही कळेना, रात्री बघितलं तर निळसर, काजव्याएवढी. नाण्यासारखा सेल एकदम मरत नाही, तो दाब कमी कमी करत दिवसच्या दिवस रेंगाळतो. चष्मेवाला सकाळ-संध्याकाळ दारात येऊन फक्त वाकून बघायचा आणि जायचा.

रविवारी, ३१ तारखेला, हॅरीच्या वाढदिवसाचा शिरा खायला तो आत आला. छडी अजून होती, पण इतकी क्षीण की हाताची ओंजळ धरल्याशिवाय दिसत नव्हती. आईने मान डोलावली. आबांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रू काढला आणि चिमट्याने चुंबक ओढून बशीत टाकलं. टोक काळं झालं.

"तुम्ही नॉक्स म्हणालाच नाहीत," चष्मेवाला म्हणाला. त्याचा आवाज चांगलाच दुखावलेला होता.

"आबा सहाव्या वर्षाला आहेत," लेक शिरा खाता खाता म्हणाली. "त्यांना बोलायला लागत नाही."